कोपऱ्यातल्या बाईंचा चेहरा

देशाचे प्रमुख टीव्हीवर बोलायला लागले, की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडायचा. त्यात काळ्या कपड्यातली एक बाई. बोटात अंगठी नाही, मनगटाला घड्याळ नाही, केस मागे घट्ट बांधलेले. प्रमुख तोंडानं बोलायचे आणि ही हातांनी. ज्यांना ऐकू येतं त्यांच्या लेखी ती बाई म्हणजे जिन्यातला दिवा. आहे हे माहीत, पण मान वर करून कोण बघतो? स्टुडिओत तिला नावही तेच पडलं होतं. कोपऱ्यातल्या बाई.

घरी तिचं नाव वेगळं होतं आणि ते उच्चारता येत नव्हतं. तिचे आईबाबा दोघंही जन्मापासून बहिरे. बहिऱ्या माणसांत नाव ठेवायचं ते डोळ्यांना दिसेल असं. हिच्या डाव्या गालावर खळी पडायची, म्हणून बाबांनी ही तान्ही असतानाच ठरवून टाकलं. आपल्या गालात बोट रुतवायचं, की झाली ती. खळी. आपणही तिला खळीच म्हणू.

खळी आधी हातांनी बोलायला शिकली, मग शेजारपाजाऱ्यांचं ऐकून तोंडानं. आणि शब्द फुटल्याबरोबर तिला नोकरीच लागली म्हणा ना. घरमालक आला की मधे खळी. डॉक्टरकडे मधे खळी. बाहुल्या मांडायच्या वयात ही मोठ्या माणसांची भांडणं इकडून तिकडे पोचवत होती.

"तुझ्या बापाला सांग, जिन्यात शिलाई मशीन ठेवायचं नाही," घरमालक गुरगुरायचा.

बाबा हातांनी म्हणायचे, "ह्या रेड्याला सांग, मग जिना डोक्यावर घेऊन फिर."

आणि खळी गोड आवाजात म्हणायची, "बाबा म्हणतात, बघतो काहीतरी."

एकदा शाळेत बाईंनी आईबाबांना बोलावून घेतलं. "तुमची मुलगी वर्गात एक मिनिट गप्प बसत नाही. दुसऱ्यांनाही बोलायला लावते. असंच चाललं तर मला तिला वर्गाबाहेर बसवावं लागेल." खळीनं हातांनी सांगितलं, "बाई म्हणतात, मुलगी फार हुशार आहे. सगळ्यांना मदत करते." आई खूश. बाबांनी मान डोलावली, बाईंना नमस्कार केला. रस्त्यात आल्यावर मात्र ते हिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "शब्द तू छान बदललेस. बाईंचा चेहरा बदलायचा राहिला."

त्या दिवसापासून खळीनं कुणाचा शब्द बदलला नाही. पुढे ती ह्याच कामाचं रीतसर शिक्षण घ्यायला गेली, तेव्हा तिथल्या शिक्षिकेनं पहिल्याच तासाला जो नियम सांगितला, तो तिला घरूनच पाठ होता. समोरचा 'मी' म्हणाला, तर आपणही 'मी' म्हणायचं. तो चिडला तर आपला चेहरा चिडला पाहिजे, तो रडला तर आपला रडवेला व्हायला हवा. कारण बहिऱ्या माणसाला आवाज मिळतो तो चेहऱ्यावरच. "आणि तुम्ही स्वतः?" शिक्षिका म्हणाली होती, "तुम्ही खिडकीची काच. काचेकडे कुणी बघत नाही, काचेतून बघतात. कुणी काचेकडे बघायला लागलं, तर समजा डाग पडलाय."

खळीच्या काचेवर कधी डाग पडला नाही. बाबांना तिचा अभिमान होता तो ह्याचाच, आणि भारी होता. बाबा छापखान्यात कागद कापायच्या मोठ्या यंत्रावर होते. त्या खडखडाटात बाकीचे कामगार कानात कापूस कोंबायचे, बाबा म्हणायचे, "देवानं माझा कापूस आधीच घालून पाठवलाय." आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. निवृत्त झाल्यावर दोघंही संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची, बातम्यांना नव्हे, कोपऱ्यातल्या चौकोनाला. प्रमुखांना आपला चष्मा काढून पुसायची सवय. म्हणून समस्त बहिऱ्या मंडळींत त्यांचं नाव पडलं होतं चष्मापुसे. "आज चष्मापुसे बरा बोलला," बाबा म्हणायचे, आणि आई त्यांच्या दंडावर चापट मारायची. "तो कुठला बोलतोय? आपली खळी बोलतेय."

मग साथ आली.

चष्मापुशांनी कायदा केला आणि तो सांगितला खळीनं. आजारी माणूस एकदा हॉस्पिटलात गेला, की त्याच्याजवळ घरच्या कुणीही जायचं नाही. नवऱ्यानं नाही, बायकोनं नाही, पोटच्या पोरानंही नाही. शेवटची घटका असली तरी नाही. जो जाईल तो तुरुंगात. "मला माहीत आहे, हे कठीण आहे," प्रमुख म्हणाले, आणि खळीच्या हातांनी ते 'कठीण' छातीपासून ओढून काढून दाखवलं. "पण आपल्याच माणसांसाठी आपण हे करणार आहोत." भाषण संपल्यावर कॅमेऱ्यावरचे तात्या म्हणाले, "बाई, तुमचं बघून माझ्या अंगावर काटा आला. त्यांचं ऐकून नाही आला."

पुढच्याच महिन्यात बाबांना धाप लागली.

अॅम्ब्युलन्स दारात आली. उतरलेल्या दोघा माणसांचे चेहरे नाकापासून हनुवटीपर्यंत झाकलेले. बाबा आयुष्यभर लोकांच्या ओठांवरून शब्द टिपत आलेले. आता समोर ओठच नाहीत. ते नुसते इकडून तिकडे बघत होते. खळी पुढे झाली.

"त्यांना ऐकू येत नाही. मी त्यांची दुभाषी आहे. मला बरोबर येऊ द्या. नुसती दारात उभी राहीन."

त्यातली नर्स थांबली, हिच्याकडे निरखून बघायला लागली. "अय्या, तुम्ही त्या टीव्हीवरच्या ना? कोपऱ्यातल्या?"

"हो. येऊ ना?"

"ताई, आता तुम्हालाच कायदा सांगायचा का मी? तुम्हीच तर आम्हाला सांगितलात."

मागून आईनं तिचा खांदा गदागदा हलवला. आईचे हात भरभर चालले होते. "भांड! ओरड! तुला आवाज आहे ना? माझ्याकडे नाहीये. तुझ्याकडे आहे. वापर तो!"

खळी ओरडली नाही. देशभरातल्या बहिऱ्या माणसांना जे तिनं हातांनी सांगितलं होतं, ते स्वतःच्या दारात मोडायचं कसं? तिनं बाबांना सांगितलं, "मला येता येत नाही. तुम्ही घाबरू नका." बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले, "मी कुठे घाबरलोय? तूच पांढरी पडलीस." मग अॅम्ब्युलन्सचं दार लागलं.

बाबा तिथून परत आले नाहीत. नंतर वॉर्डातल्या एका बाईचा फोन आला. भली बाई होती, सांत्वनासाठीच बोलत होती. "आजोबा शांतपणे गेले हो. पहिले दोन दिवस फार हातवारे करत होते, सारखे हात हलवायचे. नळ्या काढून टाकतील म्हणून आम्ही हात बांधून ठेवले. मग मात्र शांत झाले."

समोर आई उभी होती. "काय म्हणतेय ती?"

इथे शब्द बदलता आला असता. पण चेहरा? तो तर आधीच आईनं वाचला होता. खळीनं सांगितलं. आधी हातवारे. मग मनगटावर मनगट ठेवून, बांधले.

आईनं डोळे मिटून घेतले.

ऐकू येणाऱ्या माणसाला राग आला तर तो कानावर हात ठेवतो. शब्द तरीही आत शिरतातच. बहिऱ्या माणसाला मात्र नुसती मान फिरवली की पुरतं. मग तुम्ही त्याच्या जगात उरतच नाही. आईनं मान फिरवली. जेवायची वेळ झाली की ती टेबलावर मूठ आपटायची. लाकडाला हादरा बसायचा आणि खळी यायची. औषध हवं असलं की रिकामी बाटली पुढे सरकवायची. खळीनं बोलायला हात उचलले, की आईची नजर खिडकीबाहेर. गालात बोट रुतवून मारलेली हाक त्या घरातून बाबांबरोबरच गेली. आणि खळी कामाला जात राहिली. रोज नवे नियम, रोज तोच चौकोन. संध्याकाळी परत यावं तर टीव्ही बंद, त्यावर आईनं टाकलेलं कापड.

असं दीड-एक वर्ष गेलं. साथ सरली. कायदाही उठला. आणि मग एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली.

बाबा गेले त्याच महिन्यात प्रमुखांचे वडीलही आजारी पडले होते. आणि प्रमुख रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या मागच्या दारानं आत जात होते. वडिलांच्या खाटेशेजारी बसत होते. सफाई कामगारांनी पाहिलं, नर्सनी पाहिलं, सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं गेलं. शेवटच्या दिवशी तर ते रात्रभर तिथेच होते.

खळी वर्तमानपत्र धरून स्वयंपाकघरात उभी राहिली. आईनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वर केली. आणि खळीकडे पाहिलं, अगदी सरळ.

"हा जाणार ना आता?"

आई तिच्याशी बोलली होती. खळीनं घाईघाईनं उत्तर दिलं. "जावंच लागेल."

"कायदा ह्याचा स्वतःचा होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता."

"हो आई."

"आमच्या कारखान्यात मुकादमीण होती बघ. उंच, तिरळी. तिनं नियम केला होता, कापडाजवळ चहाचा कप न्यायचा नाही. किती जणींना तिनं घरी पाठवलं त्यापायी. आणि एक दिवस तिच्याच हातून कप लवंडला. पांढऱ्याशुभ्र थानावर! कुणी एक शब्द बोललं नाही. तिनं काय केलं? गळ्यातली कात्री काढली, टेबलावर ठेवली, आणि आमच्यात येऊन मशीनवर बसली. मुकादमीण तिरळी होती, पण नजर सरळ होती."

एवढं सगळं आई एका दमात बोलली. मग थांबली, आणि तिनं हळूच आपल्या गालात बोट रुतवलं. "खळी, चहा टाक."

त्या दिवसापासून घरात पुन्हा हात हलायला लागले. बहिऱ्या मंडळींत प्रमुखांचं नाव बदललं. चष्मा गेला आणि एक हात चोरासारखा पाठीमागे नेऊन दार ढकलण्याची खूण आली. मागचं दार. "आज मागचं दार काय म्हणाला?" आई रोज विचारायची. टीव्हीवरचं कापड निघालं. मायलेकी एकाच माणसावर चिडत होत्या, आणि एकत्र चिडण्यात जेवढी माया असते तेवढी दुसऱ्या कशात क्वचित असेल.

आईनं उघड कधी म्हटलं नाही, पण खळीला कळत होतं. हा माणूस गेला, तर कायदा खरा होता. कायदा खरा असला, तर दारात उभी राहिलेली मुलगी भित्री नव्हती, प्रामाणिक होती. आणि हा राहिला, तर? तर तो कायदा म्हणजे मूर्खांनी पाळायची गंमत, आणि बाबांचे हात एका गमतीपायी बांधले गेले.

मग जाहीर झालं, की शुक्रवारी प्रमुख देशाशी बोलणार. राजीनामाच असणार, सगळे म्हणाले. त्या दिवशी काम दुसऱ्या दुभाष्याचं होतं. खळीनं ते मागून घेतलं.

आदल्या संध्याकाळी आईनं तालीम घेतली. "दाखव बघू, राजीनामा कसा करशील?"

खळीनं शिकवलेली खूण केली.

आईनं नाक मुरडलं. "ही काय, शाळेतल्या मुलीनं वही परत दिल्यासारखी! कात्री ठेव. गळ्यातून काढ, अशी, आणि टेबलावर ठेव. दोन्ही हात सोडून दे. आम्हा जुन्या माणसांना हीच कळते."

"आई, ती तुमच्या कारखान्यातली खूण आहे."

"मग? बाकीच्यांच्या कारखान्यात नाही का कात्री?"

खळी हसली. तिनं कात्री काढली, ठेवली. आईनं तिचं मनगट धरून हात जरा खाली नेला. "सावकाश. त्याला जड जाऊ दे."

शुक्रवारी मेकअपच्या खोलीत वाद पेटलेला होता. मेकअपवाल्या ताई खळीच्या कपाळावर पावडर मारत होत्या आणि तात्या दाराला टेकून उभे होते.

"जायलाच पाहिजे," ताई म्हणाल्या. "सख्ख्या भावाचं लग्न, आणि मी ते फोनवर बघितलं. का? तर ह्यांचे गर्दीचे नियम!"

"अहो पण माणूस बापाला भेटायला गेला," तात्या म्हणाले. "दारू पिऊन नाचायला नाही गेला. बाप मरत असताना तुम्ही नसता गेलात?"

"गेले असते! म्हणून तर असला कायदा केला नसता!"

"आणि तो जाऊन होणार काय? दुसरा येईल. तो मागच्या दाराला पडदा लावून जाईल, एवढाच फरक."

"तात्या, तुमच्यासारख्यांमुळेच हा देश..."

"डोळे मिटा बाई, पावडर जाईल," तात्यांनी विषय खळीवर ढकलला. "तुमचं काय म्हणणं?"

खळीनं डोळे मिटूनच सांगितलं. "तो आत गेला याचा मला राग नाही, तात्या. मीही तेच मागत होते. आत गेल्यावर त्यानं मागे वळून दार लावून घेतलं."

ताईंचा हात थांबला. तात्या कॅमेऱ्याकडे निघून गेले.

प्रमुख मोठ्या दालनात, आणि खळी शेजारच्या लहान खोलीत, निळ्या कापडासमोर. कानात त्यांचा आवाज. भाषण आधी कुणाला दिलेलं नव्हतं. तात्यांनी बोट वर केलं, खाली केलं. चौकोन उघडला.

प्रमुख वाचून दाखवत होते. आवाज कसा होता म्हणाल, तर गाडी उशिरा येत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी, असा. "गेल्या वर्षी माझे वडील आजारी होते."

खळीचे हात म्हणाले, माझे वडील आजारी होते.

"ते हॉस्पिटलात एकटे होते."

एकटे होते.

"कायदा मीच केला होता. तो मला माहीत होता. तरीही मी त्यांच्याकडे गेलो."

तरीही मी गेले. तिच्या भाषेत गेलो-गेले काही नसतं, नुसता 'मी' असतो आणि जाणं असतं. तिचं बोट आपल्या छातीला टेकलं, तिथून पुढे निघालं, एका न पाहिलेल्या वॉर्डात शिरलं, खाटेपाशी थांबलं.

"मी त्यांचा हात हातात धरून बसलो."

आता तिच्या उजव्या हातानं डाव्याला धरायचं होतं. एवढीच खूण. तिनं धरला. आणि हातात बाबांचा हात आला. कागदाच्या कडांनी चिरा पडलेला, कापणीच्या यंत्रावर एक नख कायमचं काळं झालेला. मनगटावर पट्टीचा वळ. ती तो सोडेना. कानात प्रमुख पुढे गेले, "एक मुलगा म्हणून मला त्याचा पश्चात्ताप नाही, परंतु देशाचा प्रमुख म्हणून मी दिलगीर आहे." तिनं हात सोडवला आणि दिलगिरी सांगितली. ती सांगताना आपल्या चेहऱ्याचं काय होतंय हे तिला कळलं नाही. काचेला कसं कळणार?

"अनेकांनी माझा राजीनामा मागितला आहे."

तिनं गळ्यातून कात्री काढली. टेबलावर ठेवली. सावकाश, आईनं सांगितलं होतं तशी. दोन्ही हात मोकळे सोडले. त्या क्षणाला सगळं व्हायचं ते होऊन गेल्यासारखं वाटलं तिला.

"परंतु अशा नाजूक वेळी देशाला वाऱ्यावर सोडणं मला योग्य वाटत नाही. मी राजीनामा देणार नाही."

कानातला आवाज थांबला. दालनात कुणीतरी खोकलं. खळीचे हात अजून मोकळेच होते. तसेच ठेवले असते तर? घराघरातल्या बहिऱ्या माणसांनी एक रात्र तरी मानलं असतं, की तो गेला. कॅमेऱ्यामागून तात्या तिच्याकडेच बघत होते.

तिनं टेबलावरची कात्री उचलली आणि पुन्हा गळ्यात घातली.

चौकोन मिटला. दालनातून बाहेर पडणारे लोक जिन्यात हसत होते. "काय थंड माणूस आहे राव! बापाबद्दल बोलतोय की पाणीपट्टीबद्दल?" मेकअपवाल्या ताई रडकुंडीला आल्या होत्या, रागानं. फक्त तात्या जवळ आले. म्हणाले, "बाई, पाणी घ्या."

घरी पोचेपर्यंत खळीनं मनात सगळी जुळवाजुळव केली होती. आई चिडलेली असेल. आपणही चिडू. पुढच्या निवडणुकीबद्दल बोलू. मागच्या दाराला दोघी मिळून शिव्या देऊ; आईच्या शिव्या बघण्यासारख्या असतात.

आई टीव्हीसमोर बसलेली होती. टीव्ही बंद. चेहरा ओला. खळीला बघून ती उठली नाही, पण नजर तिच्यावरच होती.

"बघितलंस?" आईचे हात म्हणाले.

"मला माफ कर, आई. नाही गेला तो."

"राहू दे त्याला."

खळीला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. "काय?"

"राहू दे. मनापासून बोलला तो. मी एवढी वर्षं त्याला बघतेय, असा कधी बोलला नाही. खालच्या मजल्यावरचे, आपल्या बहिऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आले होते, तेही रडले. त्यांची बायको रडली. बापाचा हात धरल्याचं सांगत होता, आणि तो हात त्याला सोडवत नव्हता. बघितलंस ना? असं खोटं नाही करता येत." आईनं डोळे पुसले. मग तिनं एक नवीन खूण केली. उजव्या हातानं डावा धरला, आणि क्षणभर सोडलाच नाही. "मंडळात सगळे आता हेच म्हणतायत त्याला. बापाचा हात धरणारा."

खळी खाली बसली. आईच्या पायापाशी, म्हणजे आईला तिचे हात नीट दिसावेत.

"आई, तो रडला नाही. तो वाचत होता. थंडपणे. जिन्यात सगळे हसत होते त्याला."

"मी बघितलं ना."

"तू मला बघितलंस. ती मी होते! तो हात बाबांचा होता. ते रडणं माझं होतं, त्याचं नव्हतं."

आई तिच्याकडे बघत राहिली. हे वाक्य याआधी खळीनं स्वतः कधी म्हटलं नव्हतं. एवढी वर्षं आई म्हणायची, तो कुठला बोलतोय, आपली खळी बोलतेय. आज खळी तेच सांगत होती, आणि आईनं मान हलवली. नाही.

"तू कुठे होतीस तिथे? मला तर तोच दिसला."

"आई..."

"तो गेला बापाजवळ." आईचे हात आता सावकाश झाले, एकेक शब्द वेगळा. "स्वतःचा कायदा होता, तरी मोडून गेला. तुला दुसऱ्याचा मोडवला नाही."

खळीनं हात उचलले. पण काय सांगायचं ते हातांना सुचायच्या आत आई खिडकीबाहेर बघायला लागली होती.

सोमवारी बहिऱ्यांच्या मंडळानं प्रमुखांना जाहीर पाठिंबा दिला. ज्यांना ऐकू येत होतं त्यांना त्याचा अर्थच लागेना. वर्तमानपत्रात दोघा-तिघांनी थट्टाही केली. प्रमुखांच्या कचेरीतून निरोप आला, की यापुढे साहेबांच्या भाषणाला ह्याच बाई हव्यात. तात्यांनी तो निरोप सांगितला आणि म्हणाले, "नाही म्हणा बाई. मी दुसरं काम बघून देतो तुम्हाला. त्या दिवशी सगळ्या इमारतीत एकटाच मी बघत होतो तुमच्याकडे. मला माहितीये काय झालं ते."

"बघते," खळी म्हणाली.

घरी गेली. आईनं टेबलावर मूठ आपटली, दोघी जेवल्या. खळीनं एकदा हात उचलून पाहिले. खिडकी.

प्रमुख पुढेही राहिले. बोलत राहिले, रस्त्यांबद्दल, करांबद्दल, नव्या कायद्यांबद्दल. खळीनं दुसरं काम घेतलं नाही. तात्यांनी पुन्हा विचारलं, मेकअपवाल्या ताईंनी तर भांडून पाहिलं. "त्याच्या तोंडाला तुमचा चेहरा कशाला देता, बाई? कसली लाचारी ही?" खळीकडे त्याचं उत्तर होतं, पण स्टुडिओत सांगण्यासारखं नव्हतं.

भाषणाच्या दिवशी आई संध्याकाळपासूनच टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसते. कापड केव्हाच निघालंय. चौकोन उघडला की ती पुढे वाकते, पापणी न लववता बघते. तिच्या हिशेबी ती बापाचा हात धरणाऱ्याला बघत असते.

तिकडे निळ्या कापडासमोर खळी हात उचलते. तेवढा वेळ आई तिच्यावरून नजर काढत नाही.